भांडारप्रमुख

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेवर मी सात वर्षं स्काउटचं पथक चालवलं. शाळेचं नव्हे, कॉलनीचं. पगार नाही, मानधन नाही. दर रविवारी सकाळी सातला गळ्यात शिट्टी अडकवून जायचं, वीस-बावीस मुलांना रांगेत उभं करायचं, गाठी शिकवायच्या, दिशा ओळखायला शिकवायच्या आणि साडेनऊला घरी येऊन आंघोळ करायची. मी वीज कार्यालयात कारकून होतो. धुळ्याला शाळेत असताना स्वतः स्काउट होतो. तंबू ठोकणं, चूल पेटवणं, लागल्यावर पट्टी बांधणं, असं जे काही मला हाताने नीट करता येतं ते सगळं तिथलं. माझा मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा त्यालाही ते मिळावं म्हणून मी पथक सुरू केलं. हळूहळू कॉलनीतले लोक मला 'सर' म्हणू लागले. कार्यालयात मला कोणी सर म्हणत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात या 'सर'चा मोठा वाटा आहे.

तिसऱ्या वर्षी जवळच्या पालिकेच्या शाळेतल्या एक बाई एका मुलाला घेऊन आल्या. बारा वर्षांचा, माझ्या मुलाएवढाच. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरात त्याचं गाव. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायचे ते होळीला परत यायचे. मुलाची शाळा बुडू नये म्हणून त्याला मामाकडे ठेवलं होतं. मामा आमच्याच कॉलनीत बांधकाम चाललेल्या एका इमारतीवर वॉचमन होता.

"घ्या याला तुमच्यात," बाई म्हणाल्या. "हुशार आहे. नुसता विटा मोजत बसतो दिवसभर."

मी त्याला माझ्या मुलाच्या संघात टाकलं. मुलाचा जुना खाकी शर्ट त्याला बरोबर बसला. पहिल्याच रविवारी मी खुंटगाठ शिकवत होतो. दोन-दोन वर्षं पथकात असलेल्या मुलांनाही ती धड येत नव्हती. याने एकदा बघितलं, दोर घेतला आणि डोळे मिटून बांधली.

"कुठे शिकलास?"

"ही तं बकरी बांधायची गाठ शे, सर."

मुलं हसली. तोही हसला. त्या दिवसापासून माझा मुलगा आणि तो सतत एकत्र दिसू लागले.

त्या हिवाळ्यात आम्ही असोद्याला तीन दिवसांचं शिबिर घेतलं. आमच्या पालक समितीच्या अध्यक्षांचं तिथे केळीचं शेत होतं, त्यांनी ते मोकळ्या मनाने दिलं. शिबिराची माझी एकच अट असायची: स्वयंपाक मुलांनी करायचा, मोठ्यांनी हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी दुपारी पालकांना जेवायला बोलवायचं आणि मुलांनी त्यांना वाढायचं.

हिवाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांना दुसरं काय करणार? भरीतच. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजायची, मिरच्या भाजायच्या आणि लाकडी बडगीत सगळं ठेचायचं. चार मुलांनी वांगी कच्ची काढली, दोघांनी जाळून टाकली. मग हा पुढे आला. जाळ कमी केला, निखाऱ्यांवर वांगी फिरवत बसला, एकेक बोटाने दाबून बघायचा. त्यानेच सोललं, त्यानेच ठेचलं, त्यानेच वरून फोडणी दिली. माझा मुलगा बाजूला बसून कांद्याची पात चिरत होता.

पालक आले, ताडपत्रीवर बसले. पुऱ्या, भरीत, कढी. पहिला घास घेतल्याबरोबर कौतुक सुरू झालं. एका आईने तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि विचारलं, "कोणी केलं रे हे? आमच्या घरीसुद्धा असं होत नाही."

माझ्या मुलाने मोठ्या तोऱ्यात त्याच्याकडे बोट दाखवलं. "याने!"

"वा रे. कुठला तू? आडनाव काय तुझं?"

तो सावधान उभा राहिला, मी शिकवलं होतं तसा. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

कोणी ओरडलं नाही, ताट भिरकावलं नाही. तसं झालं असतं तर मी तरी काहीतरी केलं असतं, असं मला वाटतं. त्या बाईंनी "अरे वा" म्हटलं आणि भरीत ताटाच्या कडेला सारलं. दुसऱ्या एकीला ॲसिडिटीची आठवण झाली. एका वडिलांचा फोन आला आणि ते केळीत बोलत गेले ते परत पंगतीवर आलेच नाहीत. दोन मिनिटांत सगळे कढी-पुरी खाऊ लागले. अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी बडगी माझ्याकडे सरकवली. "सर, घ्या ना तुम्ही. तुम्हाला आवडतं."

त्यांनी ते साधेपणाने म्हटलं की मला जोखायला म्हटलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी एकदाच वाढून घेतलं होतं. भूक होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"पोट भरलं," मी म्हणालो.

पालक गेल्यावर तो अर्धी भरलेली बडगी उचलून माझ्याकडे आला. "सर, तिखट जास्ती झालं का?"

"हो. थोडं झालं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पुढच्या वेळी मिरच्या कमी घालीन, म्हणाला.

आठवड्याने अध्यक्ष घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. पुढचं शिबिर कुठे घेताय, त्यांनी विचारलं. धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या अलीकडे एका धरणाच्या काठी, मी सांगितलं. "छान, छान," ते म्हणाले. मग कप खाली ठेवता ठेवता, "नाही, काही पालक विचारत होते, जेवणाखाण्याचं कसं असतं म्हणून."

"बघतो मी," मी म्हणालो.

एवढंच बोलणं झालं. त्यांनी त्या मुलाचं नाव काढलं नाही, धमकी दिली नाही. पुढचं सगळं माझ्या डोक्यातून निघालं. मी मनातल्या मनात हिशेब मांडला: बावीसपैकी चौदा-पंधरा मुलं घरीच राहतील, पथक बंद पडेल, त्यात त्या मुलाचंही नुकसान. त्याला काढून टाकायचं? छे, तसलं काही मी करणार नव्हतो. मी भला माणूस होतो. म्हणून मी त्याला बढती दिली.

भांडारप्रमुख. असं पद आमच्या पथकात कधी नव्हतं. तंबू, दोर, खुंट्या, कुऱ्हाड, कंदील, सगळं त्याच्या ताब्यात. खांद्याला लावायला पिवळी दोरी, नोंदींसाठी स्वतंत्र वही. आणि एवढी जबाबदारी म्हटल्यावर स्वयंपाकाच्या पाळीतून अर्थातच सुटका.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "म्हणजे त्याला चुलीपासून लांब ठेवायचं," ती म्हणाली.

"अगं, मान मिळतोय त्याला."

"मग आपल्या पोराला द्या तो मान."

मी तिच्यावर चिडलो. तुला पथक चालवावं लागत नाही, असं काहीतरी बोललो. मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करत होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सगळ्यांसमोर मी त्याच्या खांद्याला पिवळी दोरी लावली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला स्वतःलाही वाटलं, आपण खरंच काहीतरी चांगलं करतोय. माझ्या मुलाने टाळ्या वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही.

धरणावरच्या शिबिरात त्याने काम केलं ते कोणत्याही मोठ्या माणसाने केलं नसतं. ओले दोर वाळवून गुंडाळायचा, खुंट्या धुऊन दहा-दहाच्या जुड्या करायचा, कुऱ्हाड कोणी नेली, कधी आणली, सगळं वहीत. पण काम उरकलं की त्याचे पाय आपोआप चुलीकडे वळायचे. पहिल्या दिवशी तो कणीक मळायला बसला. मी हाक मारली, "अरे, दोर मोजलेस का?" तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाळ घालायला वाकला. "तंबूच्या खुंट्या सैल झाल्यात बघ." तो गेला. त्याच दुपारी त्याच्या संघाची डाळ करपायला लागली होती, मुलं गोंधळली होती, आणि त्याने धावत येऊन पळी हातात घेतली.

"अरे, ती वही घेऊन ये जरा," मी म्हणालो.

माझा मुलगा चुलीपाशीच उकिडवा बसला होता. धुराने डोळे लाल झालेले. तो उठला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, त्याला सरळ सांगा ना एकदा, चुलीजवळ यायचं नाही म्हणून. आई म्हणाली तेच खरं आहे. त्याच्या हातचं चालत नाही म्हणून त्याला दोर मोजायला ठेवलंय."

बावीस मुलं आमच्याकडे बघू लागली. मी मुलाला एक थप्पड मारली. आयुष्यात मी त्याला तेवढी एकच मारली, आणि ती खरं बोलल्याबद्दल.

भांडारप्रमुखाने पळी परातीत नीट ठेवली, टाकली नाही. गेला आणि वही घेऊन आला, कारण मी वही मागितली होती.

उरलेला दीड दिवस तो तसाच वागला, जसा आधी वागत होता. फक्त चुलीकडे आला नाही. निघताना त्याने मला सगळं सामान मोजून दिलं. दोर सोळा, खुंट्या ऐंशी, कंदील चार. मी म्हणालो, "ठीक आहे, ठेव." तो म्हणाला, "नाही सर, तुम्ही मोजा. मग सही करा." मी ऐंशी खुंट्या मोजल्या. सही केली. मग त्याने खांद्यावरची दोरी सोडली, तिची गुंडाळी केली आणि वहीत लिहिलं: पिवळी दोरी, एक, जमा.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, शाळेत जातोय, पण इकडे यायला नको म्हणतो. होळीला आईवडील परत आले आणि तो गावी गेला. तिथल्याच आश्रमशाळेत नाव घातलं, असं कळलं.

एप्रिलमध्ये मी रजा काढून गेलो. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, पुढे जीप. शेवटचे दोन मैल चालत. माफी मागायला निघालो होतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. घर सापडलं. वडील ओट्यावर दोर वळत बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर ते हातातलं टाकून उठले. खाट टाकली, पाणी आणलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"पोऱ्या सांगस ना तुमनं," ते म्हणाले. "बठ्ठं सामान त्याना ताबामा व्हतं म्हने. एक खुंटी बी हारपनी नही. आमना पोऱ्यावर इतला भरोसा कोन ठेवस, सर?"

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसलो. मुलाने घरी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं त्याने आपल्याजवळ ठेवलं होतं.

तेवढ्यात तो बकऱ्या घेऊन आला. मला बघून थांबला. स्काउट एकमेकांशी डाव्या हाताने हात मिळवतात, मी सवयीने डावा हात पुढे केला. त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, गावात आलेल्या कुठल्याही साहेबाला करतात तसा.

त्यांनी जेवायचा आग्रह केला. मी जेवलो. नागलीची भाकर आणि डाळ. दोन वेळा मागून घेतलं, आणि दुसऱ्यांदा मागताना माझी मलाच लाज वाटली. इथे मला बघायला कोण होतं? असोद्याच्या ताडपत्रीवर जे मागून घ्यायला हवं होतं ते इथे घेऊन काय उपयोग?

तो रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

त्याने पायाने वाटेतला दगड बाजूला केला. "माझ्या बाले सांगू नका, सर," तो म्हणाला. "त्याले लई चांगलं वाटलंय."

"नाही सांगत."

जीप आली. मी बसलो. तो थांबला नाही, बकऱ्या मोकळ्या होत्या.

माझ्या मुलाने त्याच जूनमध्ये पथक सोडलं. मी कारण विचारलं नाही. तो आता पुण्याला नोकरी करतो. फोनवर तब्येत विचारतो, औषधं घेतली का विचारतो. त्या शिबिराबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. बायकोही बोलत नाही, आणि तिचं न बोलणं मला जास्त लागतं.

पथक मात्र मी आणखी चार वर्षं चालवलं. असं का केलं, मला विचाराल तर नीट सांगता येणार नाही. सोडलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. पुन्हा मामाकडे, वसतिगृहात, बांधकामावर राहणारा एकही मुलगा आमच्यात आला नाही. मीही कोणत्या शाळेतल्या बाईंकडे विचारायला गेलो नाही. शिबिरं छान व्हायची. पालक पोटभर जेवायचे.

शेवटी सोडताना मी समितीच्या बैठकीत सगळं बोललो. असोद्यापासून धरणापर्यंत. आवाज चढला होता माझा. "तुमच्या ताटांसाठी मी एका मुलाचा अपमान केला," असं म्हणालो. सगळे ऐकत होते. काही जणांना तर तो मुलगा आठवतही नव्हता.

अध्यक्षांना आठवत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरोखरच्या आश्चर्याने.

"पण सर," ते म्हणाले, "आम्ही तर तुम्हाला काहीच म्हणालो नव्हतो."

खरंच म्हणाले नव्हते. मी किल्ल्या आणि वह्या टेबलावर ठेवल्या. कोणीतरी शाल आणून ठेवली होती, ती त्यांनी मला पांघरली, आणि मी ती पांघरून घेतली.