धाऊदादा आणि देवाची कोंबडी

छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमात एक ठरलेली वेळ येते. एखादा नामवंत नट किंवा नटी पुरती रडकुंडीला आलेली असते, आणि मग झुडपाआडून आमचा निवेदक फुलांचा गुच्छ घेऊन उडी मारतो. "तिकडे बघा, कॅमेरा!" सगळे खो खो हसतात, फसलेला माणूस कपाळावर हात मारतो, चहा येतो, आणि माझ्यासारख्या प्रॉडक्शनवाल्याला वाटतं, चला, सुटलो. धाऊदादाचं काम नेमकं तिथून सुरू व्हायचं. सगळे हसत असताना तो मिटलेली छत्री जमिनीवर टेकून मधोमध तसाच उभा राहायचा. हशा ओसरला की शांतपणे विचारायचा, "हसून झालं का? मंग आता बोला."

मी शेलूला राहतो. कर्जत-खालापूर भागात आमच्या कार्यक्रमाचं शूटिंग असलं की जागा शोधणं, जेवणाचं बघणं आणि गर्दी जमवणं ही माझी कामं. नटाला फसवायचं तर गावकरी खरे दिसायला हवेत. ते धाऊदादा आणायचा. कळंबच्या पुढच्या एका गावात त्याची भातशेती होती. साठी उलटलेला, उंच, वाळका माणूस. आवाज असा की ध्वनिवाला त्याच्यापुरता माइक बंद करून ठेवायचा. छत्री बारा महिने हातात, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती रस्ता दाखवायला, कुत्रं हाकलायला आणि मुख्यतः माझ्यासमोर नाचवायला होती.

पहिल्याच शूटिंगला त्याने माझं डोकं फिरवलं. एका नटीला गावच्या जत्रेची पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आमच्या लेखकाने ठरवलेला प्रकार असा, की नारळ फोडून झाल्यावर तिला सांगायचं, हा बैल आजपासून तुमचा, रिवाजच आहे, घरी घेऊन जावा लागेल. धाऊदादाने बैल तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवायचा असा काही मनापासून प्रयत्न केला, की ती बिचारी हात जोडून म्हणाली, "काका, मला सोडा हो. तुमच्या मुलीच्या लग्नाला मी साडी पाठवीन, पण हा बैल नको." निवेदकाने उडी मारली, कॅमेरा दाखवला. बाई हसली, सगळे हसले. धाऊदादा म्हणाला, "बरं, लगीन वैशाखात हाय. साडी कवा धाडताव?"

मला वाटलं, गंमत करतोय. वैशाख जवळ आला तसे त्याचे फोन सुरू झाले. दर सोमवारी. सोमवारी त्याचा उपास असायचा, आणि रिकाम्या पोटी त्याला माझी आठवण यायची.

"सुहासा, त्या बाईंची साडी आली का रं?"

"दादा, अहो, तो सगळा खोटा प्रकार होता. बैल खोटा, जत्रा खोटी."

"बैल तं माझा व्हता. खोटा कसा?"

"तसं नाही हो. ती घाबरली होती म्हणून बोलली."

"घाबरून का व्हईना, चार मान्सांत बोलली ना? आता बोललेलं मागं कसं घ्याचं?"

या 'चार मान्सांत'पुढे माझं काही चालायचं नाही. त्याच्या गावात सोयरीक असो, बांधाचं भांडण असो की उसनी बैलजोडी असो, चार माणसं बसवायची, बोलायचं आणि उठायचं. तिथे जे बोललं गेलं ते झालं. आमच्या शूटिंगला चाराच्या जागी चाळीस माणसं असतात, त्यामुळे त्याच्या मते तिथला शब्द तर दसपट पक्का. शेवटी वैतागून मी कर्जतच्या बाजारातून एक हिरवी साडी घेतली, खोक्यात घालून त्याला नेऊन दिली आणि सांगितलं, बाईंनी पाठवलीय. त्याने काठ चिमटीत धरला, माझ्याकडे बघितलं आणि खोकं परत माझ्या हातात दिलं. "असला काठ बाईमानूस घेनार नाय. तू आनलीस. तू कशाला देतोस? तू कुठं बोलला व्हतास?" ती साडी माझ्या बायकोच्या कपाटात पडून आहे. तिलाही तो काठ आवडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा ताप होता तर दुसरा माणूस बघायचा. बघितला. दुसऱ्याने आणलेली गर्दी कॅमेरा शोधून त्याच्याकडे हात हलवायची. धाऊदादाची माणसं खरीखुरी रागवायची, खरीखुरी रडायची, आणि दुपारी पानात काय आहे याची चौकशी करायची नाहीत. तेव्हा शिव्या घालत का होईना, फोन त्यालाच करावा लागे.

मग तो नायकाचा एपिसोड आला. मालिकांमधला गाजलेला नट, आमच्या वाहिनीचा लाडका. धाऊदादाच्या गावाला लागून त्याने फार्महाऊस बांधलं होतं. चिरेबंदी कुंपण, हे एवढं लोखंडी फाटक, आत हिरवळ. शनिवारी तो हमखास यायचा. आमच्या लेखकाने ठरवलं, की फाटकाजवळच त्याची गाडी अडवायची आणि सांगायचं, तुमच्या चाकाखाली देवाची कोंबडी आली, आता गावाला शांत करा. मी धाऊदादाला हे समजावून सांगितलं. 

"कोंबडीसाठी आमी गाडी अडवू?"

"दादा, खोटं खोटं."

"खोटं असलं तरी कारन बरं नगं? मानूस कोंबडीवरनं येवढा चिडत नाय."

"तुम्ही चिडा. बाकी मी बघतो."

"चिडतो," तो म्हणाला. एवढं सहज कबूल झाला तिथेच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी गाडी आली. पेंढ्याच्या उडव्यात एक कॅमेरा, टेंपोत चवाळ्याखाली दुसरा. गावकऱ्यांनी गाडी घेरली. एका मावशीच्या काखेत कोंबडी तयार होती. धाऊदादा पुढे झाला, त्याने छत्रीने फाटकावर ठण्णकन आवाज केला, आणि कोंबडीचं नावसुद्धा न घेता बोलायला लागला.

"साहेब, ह्या फाटकातून आमची मसनवटीची वाट जायची. जुन्या मालकानं आमच्या बापांना चार मान्सांत सांगितलेलं, जात जावा हितनं, कुनी अडवनार नाय. त्यानं जमीन इकली. शब्द नाय इकला. तुमी फाटक लावलंत. आता आमी ओढ्यातनं जातो. माझी आय गेली ती श्रावनात. ओढ्याला पानी व्हतं. मधल्या दगडावर आमचा पाय सरला आनी तिरडी पान्यात गेली. माझी आय पान्यात गेली, साहेब. मेलेल्या आयला मी हातानं धरून वर काढली."

गर्दीतल्या बाया रडायला लागल्या. माझ्या कानातल्या यंत्रात दिग्दर्शक कुजबुजला, "हे कुणी लिहिलंय? जबरदस्त आहे." मीही मान डोलावली. खरं सांगतो, मला त्या क्षणी एवढंच वाटलं, की हा माणूस आपल्याला इतके दिवस फुकट मिळत होता. नट गाडीतून उतरला. चेहरा पांढराफटक पडलेला. त्याने धाऊदादाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "बाबा, मला माहीत नव्हतं. तुमच्या माणसाला न्यायचं असेल तेव्हा हे फाटक उघडं असेल. माझा शब्द."

निवेदकाने उडी मारली. गुच्छ, कॅमेरा, टाळ्या. नट आधी गोंधळला, मग हसला, इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय नट आहे हा म्हातारा!" असं म्हणत त्याने धाऊदादाच्या पाठीवर थाप मारली. धाऊदादाने सगळ्यांचं हसू संपू दिलं.

"हसून झालं का? मंग आता फाटकाचं बोला. चावी कुनाकडं ठिवताव?"

"अहो बाबा, ती मस्करी होती ना!"

"तुमची असंल. मी नाय केली मस्करी."

पुढचा सगळा दिवस असा गेला की आठवलं तरी माझं डोकं चढतं. नट म्हणाला, फाटकाचा भाग दाखवणार असाल तर माझी परवानगी नाही. दिग्दर्शक म्हणाला, सुहास, तुझा माणूस, तू निस्तर. तुझा माणूस फाटकासमोर मांडी घालून बसला होता, आणि मावशी विचारत होती, कोंबडी परत न्यायची का.

वाहिनीने एपिसोड दाखवला. धाऊदादाचं बोलणं पुसून टाकलं, त्यावर ढोलकी वाजवली आणि निवेदकाच्या आवाजात सांगितलं, की गावकरी देवाच्या कोंबडीसाठी चिडले आहेत. पडद्यावर धाऊदादा हात जोडून आईबद्दल बोलतोय, आणि मधूनमधून कोंबडीचं तोंड दिसतंय. अख्ख्या गावाने ते एकत्र बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा शेलूला माझ्या दारात. हातात वालाची पिशवी, कारण रिकाम्या हाताने भांडायला जायची त्याची पद्धत नव्हती. मला वाटलं, आता छत्री डोक्यात बसते.

"माझ्या तोंडात कोंबडी घातली रं तुमी," एवढंच तो बोलला. मग सोफ्याच्या कडेवर टेकून म्हणाला, "जाऊ दे त्ये. तू व्हतास ना थितं?"

"होतो, पण दादा, तो प्रँक..."

"त्ये नाय इचारलं. व्हतास ना? ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मंग एक डाव साहेबांम्होरं बोल, की मी ऐकलंय. माझ्या गावची मान्सं त्यांना गर्दीतली वाटतात. तू त्यांच्यातला हाईस."

हे त्याचं मागणं. किती साधं, आणि किती वैतागाचं! माझी नोकरी कार्यक्रमावर, कार्यक्रम वाहिनीवर, आणि वाहिनीला तो नट हवा. मी त्याच्यासमोर उभा राहून 'साहेब, तुम्ही बोलला होतात' म्हणालो असतो, तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. हे मी धाऊदादाला नीट सांगितलं, चिडून सांगितलं, एकदा तर ओरडून सांगितलं. तो ऐकून घ्यायचा. "बराबर हाय तुझं," म्हणायचा. आणि सोमवारी फोन यायचाच. "सुहासा, बोललास का रं?" कधी मी गाडीवर असायचो, कधी जेवत, कधी मुलीच्या शाळेत. मी असा काही सुस्कारा सोडायचो की बायको आतून विचारायची, धाऊदादा का? पण त्या माणसाने कधी आवाज चढवला नाही आणि कधी फोन चुकवला नाही. राग यायचा तो याचाच. भांडला असता तर एकदाचं भांडून मोकळा झालो असतो.

यंदा भाताची लावणी आटोपत आली असताना एका सोमवारी फोन आला नाही. दुपारी आला तो त्याच्या मुलीचा. बांधावर बसल्या बसल्या गेला म्हणाली.

मी पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. ओढ्याचा आवाज गावात ऐकू येत होता. मुलीने मला भिजताना बघून त्याची छत्री माझ्या हातात दिली. मीही ती उघडली नाही, हे मागाहून लक्षात आलं. तिरडी निघाली. गावाबाहेर वाट फुटते, डावीकडे ओढा, उजवीकडे फाटक. माणसं सवयीने डावीकडे वळली.  कडेच्या माणसाने पाण्यात उतरायला चपला काढून कमरेला खोचल्या.

"थांबा," मी म्हणालो. "फाटकाकडून घ्या."

मी फाटकावर छत्रीने ठण्णकन आवाज केला. वॉचमन धावत आला. भिवपुरीकडचा माणूस, त्या शनिवारीही तोच पहाऱ्यावर होता. "साहेबांना फोन लावून इचारतो," म्हणाला.

"विचारायचं काय? साहेब बोललेत. चार माणसांत बोललेत, उघडं असेल म्हणून. मी होतो तिथं. मी ऐकलंय."

वॉचमनने तिरडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी पन व्हतो," तो म्हणाला आणि त्याने कुलूप काढलं. हिरवळीवरून आम्ही धाऊदादाला नेलं. कुणाचा पाय सरला नाही. मी खांदा दिला होता. चिडलेला होतो, रडत होतो, दोन्ही एकदम चाललं होतं.

संध्याकाळी नटाचा फोन आला, दुसऱ्या दिवशी वाहिनीचा. माझी नोकरी अपेक्षेप्रमाणे गेली. वॉचमनची का कोण जाणे राहिली, पण पुढच्या आठवड्यात फाटकाला नवं कुलूप लागलं, आणि त्याची चावी साहेबांनी मुंबईला नेली.

तेव्हापासून मी दर सोमवारी त्या नटाला फोन करतो. उपास करत नाही, एवढंच. तो उचलतो, कारण नाही उचलला तर मी नव्या नंबरवरून करतो.

"साहेब, चावीचं काय झालं?"

"अहो सुहास, किती वेळा सांगू, ती मस्करी होती."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणतो. "पण मी होतो ना तिथं."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. तो माझ्या चांगला ओळखीचा आहे. गेली दोन वर्षं तो मीच सोडत होतो.