जंतांवर रागावणारे सर

माझ्यावर ज्यांचे सर्वांत मोठे उपकार आहेत, ते शेवगावच्या कॉलेजातले आमचे प्राणिशास्त्राचे सर. आणि त्यांच्याइतका संतापी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांचा राग माणसांवर कमी, पोटातल्या जंतांवर जास्त. "फुकटे लेकाचे! दुसऱ्याच्या आतड्यात राहायचं आणि त्यालाच वाळवायचं!" असं ते खडू मोडत ओरडत. लग्नाच्या पंगतीतही हाच विषय. आतड्यात प्राणवायू जवळपास नसतो, तिथं जंत एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जोरावर जगतो आणि औषध नेमकं तेच विकर बंद पाडतं, हे ते हातात जिलेबी धरून इतक्या रंगात सांगत की समोरचा ताटावरून उठे. मग उठणाऱ्याचाही राग येई. लोक त्यांना 'जंतमास्तर' म्हणून हसत. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या शेळ्या वाळू लागल्या. त्या दगावल्या असत्या, तर मला कॉलेज सोडून आईबरोबर ऊसतोडीला जावं लागलं असतं. हे कळताच सर मोटारसायकलवरून थेट आमच्या दारात आले. आईनं जंताचं औषध पाजलं होतं. पण एका शेळीपुरतं औषध सगळ्या शेळ्या-करडांना प्रसादासारखं थोडंथोडं वाटलं होतं.

"बाई, अर्धवट औषधानं चिवट जंत जगतात!" सर कडाडले. "पुढं त्यांचीच पिलावळ वाढते, आणि तिला औषध लागू पडत नाही!"

"आता गं बया! एकीला पाजायचं आन् बाकीच्यांनी नुसतं तोंडाकडं बघायचं व्हय?" आईही चिडली. "माझ्या दारात आसला दुजाभाव चालायचा न्हाई."

तणतणत सर शेवगावला गेले आणि सगळ्यांना पुरेल एवढं औषध नि ताणकाटा घेऊन परतले. बाभळीला पोत्याची झोळी टांगून त्यांनी एकेक शेळी तोलली आणि वजनाप्रमाणे औषध पाजलं. एकीनं त्यांच्या शर्टावर लेंड्या टाकल्या, तेव्हा शिव्या मात्र जंतांनाच बसल्या.

"लई तापट हायेत तुजे सर," आई म्हणाली, "पर कुनाला डावललं न्हाई."

शेळ्या सावरल्या, माझं कॉलेजही टिकलं. आता मी घरापासून दूर एका प्रयोगशाळेत जंतांच्या त्याच विकरावर काम करतो. सर निवृत्त होऊन कोपरगावला मुलीकडे राहतात. परवा त्यांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार. औषध घातल्यावर ते विकर मंदावताना काल पहिल्यांदा स्वतः पाहिलं. शेजारी काम करणाऱ्यांना दाखवलं. ते 'छान' म्हणाले आणि चहाला गेले. इथं सगळे हळू आवाजात बोलतात. माझं चुकलं तरी कुणी ओरडत नाही. करमत नाही, सर. प्रवास झेपत असेल तर एकदा या, आणि या जंतांना तुमच्या तोंडून चार शब्द ऐकवून जा."