फुकटचे दहा मार्क

“सर, मला दहापैकी दहा कशाचे दिलेत?”

विचारणारी शुभांगी तावडे. गोरेगावच्या एका विमा कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. तिला दिसत नाही. आमचा ऑनलाइन कोर्स पास झाल्यावर तिला क्लेम तपासायच्या टेबलावर बदली मिळणार होती. ती पास झाली होती, पण टीम लीडर कदम फाइली द्यायला तयार नव्हते.

“बाकीच्यांना अर्धा तास लागला, तुम्हाला एक मिनिट,” मी त्यांच्या ऑफिसात गेलो तेव्हा कदम माझ्यासमोरच तिला म्हणाले. “कशाच्या भरवशावर क्लेम देऊ?”

कदमांचं चुकत नव्हतं. चूक माझी होती, आणि ती मी जाणूनबुजून केली होती.

मी अंधेरीच्या एका कंपनीत असे कोर्स तयार करतो. या कोर्सचा गाभा होता ड्रॅग अँड ड्रॉप. दहा क्लेम माउसने उचलायचे आणि ‘मंजूर’, ‘कागद मागवा’ किंवा ‘चौकशीला पाठवा’ यांपैकी एका चौकटीत टाकायचे. अंध माणसं कीबोर्डवर काम करतात, आणि स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं. त्यांना हे उचलणं-टाकणं जमणारं नव्हतं. कोर्स द्यायला दोनच दिवस उरले होते. मी एक बटन ठेवलं, फक्त स्क्रीन रीडरला सापडणारं: ‘ही अॅक्टिव्हिटी सोडून पुढे जा’. दाबलं की पूर्ण मार्क. क्लायंटच्या, म्हणजे त्या विमा कंपनीच्या, फॉर्मवर ‘अंध व्यक्तींना वापरता येतो का?’ यापुढे ‘हो’ लिहिलं आणि सही केली.

हे सगळं मी तिथेच सांगून टाकलं. शुभांगी माझ्याकडे वळली.

“म्हणजे मला शिकवलंच नाही तुम्ही.”

“नाही.”

“मग आता शिकवा.”

ऑफिसात माझी बॉस मेधा वैतागली. “क्लायंटने कोर्स मंजूर केलाय, साइन-ऑफ झालाय. आता कशाला उकरून काढतोस?”

“मी खोटं लिहिलंय, मेधा.”

“ड्रॅग अँड ड्रॉप डेमोत झकास दिसतं रे.”

“दिसतं. ज्यांना दिसतं त्यांना.”

तिने एक आठवडा दिला.

डेव्हलपर संदेश आणि मी त्या चौकटी काढून टाकल्या. प्रत्येक क्लेमखाली तीन पर्याय ठेवले. बाणाच्या कीने निवडायचं, एंटर दाबायचं. सगळ्यांना हीच अॅक्टिव्हिटी, अंधांसाठी वेगळं दार नाही. पहिली चाचणी शुभांगीने केली. तिने एंटर दाबलं आणि थांबून राहिली.

“काही झालं का?”

उत्तर चुकलं होतं आणि आम्ही ते फक्त लाल केलं होतं. संदेशने कपाळावर हात मारला. “वाट लागली. लाल रंग ऐकू कसा येणार?”

मग शब्द घातले: ‘चूक. डॉक्टरांची सही नाही, कागद मागवा.’ तरी एक भानगड राहिली. प्रत्येक उत्तरानंतर स्क्रीन रीडर पानाच्या डोक्यावर जाऊन पुन्हा सगळं वाचायचा.

“सर, कोर्सचं नाव माझं पाठ झालंय,” शुभांगी म्हणाली. “आता पुढचा क्लेम ऐकवा.”

तेही दुरुस्त केलं. शेवटच्या दिवशी कदमही येऊन बसले. शुभांगीला दहापैकी सहा मिळाले आणि ती खुशीत हसली.

“सहा. पण हे माझे आहेत.”

दुसऱ्या खेपेला नवे क्लेम दिले. नऊ. मी कदमांनाही तेच दहा सोडवायला सांगितले. माउस हातात असूनही त्यांना सात मिळाले. ते आपली चुकलेली उत्तरं पुन्हा बघू लागले.

“तावडे, हा चौथा तुम्हाला कसा कळला?”

“पेशंट दाखल व्हायच्या आधीच डिस्चार्ज झालाय, सर. तुम्ही वरवर बघता. मला सगळं ऐकावंच लागतं.”

कदम मोठ्याने हसले. “सोमवारपासून या टेबलावर. आणि माझ्याही फाइली ऐका जरा.”

मी क्लायंटला लिहून कळवलं की आधीचा ‘हो’ खोटा होता. मेधा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी क्लायंटने आपले बाकीचे कोर्सही असेच करून मागितले, तेव्हा बोलली.

शुभांगी आज क्लेम तपासते. मी एवढंच शिकलो: ज्या अॅक्टिव्हिटीत माणसाला चुकायची सोय नाही, तिच्यात शिकायचीही नसते.