काकूची नक्कल

‘आता रड,’ साहेब म्हणाले. ‘शेतकऱ्याची बाई रडते तशी. अस्सल वऱ्हाडीत.’

मी स्टेजवर उभी होते. डोक्यावरून मैत्रिणीची ओढणी घेतलेली. समोर आमचं अमरावतीचं मॅनेजमेंट कॉलेज भरलेलं. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता.

साहेब आमच्याच कॉलेजात शिकलेले. आता पुण्यात, बियाण्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर वर्षी यायचे, मुलांकडून रोल-प्ले करून घ्यायचे आणि दोघांना नोकरीला निवडायचे. त्या वर्षी विषय होता तक्रार घेऊन आलेला ग्राहक. साहेब विक्री अधिकारी झाले. प्लेसमेंटच्या सरांनी मला पुढे ढकललं. ‘सर, ही बार्शीटाकळीकडची. पण कॉन्व्हेंटची आहे, वाटत नाही.’

लोक हसले. मीही हसले. मला ती नोकरी हवी होती.

अकोल्याच्या शाळेत वऱ्हाडी बोललं की बाकावर उभं करायचे. मी ती बोली गिळायला शिकले. बोलायचे फक्त गावी, काकूशी. काका गेल्यावर शेत तीच करायची. त्या हंगामात तिची अर्धी कपाशी उगवलीच नाही. बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन ती अकोल्याच्या दुकानात तीनदा गेली. तिथे ती काय बोलली ते तिने मला सांगितलं होतं. रडायला सांगितल्यावर मला तेच आठवलं.

‘म्या हातानं टोबलं जी. एकेक दाना. तो मातीत मेला का तुमच्या पिसवीतच मेलेला होता, तेवढं सांगा.’

हॉल हसून लोळला. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी हसता हसता डोळे पुसले. काकूचं बोलणं मी विकलं, आणि चांगल्या भावाला गेलं.

‘ब्रिलियंट,’ साहेब म्हणाले. मग मुलांकडे वळले. ‘अशा बाईशी वाद घालायचा नाही. बसवायचं. पाणी द्यायचं. ताई म्हणायचं. मग पिशवीवरचा लॉट नंबरचा टॅग मागायचा. बहुतेकांकडे नसतोच. असलाच, तर वर पाठवतो म्हणून ठेवून घ्यायचा. टॅग नाही, तर तक्रार नाही.’

मुलं लिहून घेत होती.

काकूकडे टॅग होता. हळदीच्या डब्यात जपून ठेवलेला. दुकानात साहेबांच्याच कंपनीचा माणूस बसला होता. त्याने तिला पाणी दिलं, ताई म्हटलं, टॅग मागितला. तिने तिथूनच मला फोन केला. ‘देऊ का वं?’ मीच म्हणाले, ‘देऊन टाक काकू. मोठी कंपनी आहे.’ टॅग परत आला नाही. मला वाटलं होतं, हरवला असेल.

तो हरवला नव्हता. ते शिकवलेलं होतं. मी फी भरून शिकत होते तिथेच.

‘परत एकदा,’ साहेब म्हणाले. ‘या वेळी डोळ्यांत पाणी पाहिजे.’

मी ओढणी काढली. म्हणाले, ‘टॅग होता, साहेब. तुमच्या मानसानं ठेवून घेतला.’

पुन्हा हशा. कोणी शिट्टी वाजवली. त्यांना वाटलं, नाटक चालू आहे.

मग तेच वाक्य मी इंग्रजीत बोलले. काकूचं नाव सांगितलं. गाव, दुकान सांगितलं. शब्द एकही चुकला नाही. हॉल गप्प झाला. त्या शांततेनं मला हशापेक्षा जास्त चीड आली. बाई तीच होती, टॅग तोच होता.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. ‘इमोशनल कॅंडिडेट,’ ते सरांना म्हणाले. ‘चहा घेऊ या.’

जिन्यात सरांनी मला गाठलं. ‘कंपनीशी हा संबंध जोडायला आम्हाला इतकी वर्षं लागली. जा, माफी माग.’

‘नाही मागणार,’ मी म्हणाले. त्या दिवशी माझं तेवढंच प्रमाण मराठी.

निवड दुसऱ्या दोघांची झाली. बाबा शाळेत क्लार्क. आठवड्याने ते म्हणाले, ‘काऊन बोलली तू? नोकरी हातची गेली ना.’ काकूला मी सगळं सांगितलं. टॅग मीच द्यायला लावला, हेही कबूल केलं. ती म्हणाली, ‘मले तं वाटलं, तू शिकलेली हायेस.’

आता मीही माजी विद्यार्थी आहे. मेळाव्याचं निमंत्रण यंदा मलाही आलंय, सहकुटुंब या म्हणून. साहेबच प्रमुख पाहुणे आहेत. मी काकूला घेऊन जाणार आहे. पिशवी तिने अजून टाकलेली नाही. दुकानातला तोच प्रश्न ती विचारेल, तिच्या बोलीत. मी भाषांतर करणार नाही. लोक हसले तर हसणं संपेपर्यंत आम्ही उभ्या राहू. मग ती पुन्हा विचारेल.