दिलीपच्या खोड्या

दिलीप गेल्याचं त्याच्या लेकीनं, स्वातीनं, शिरूरहून फोन करून कळवलं. “काका, बाबा गेले…” एवढंच. मी दौंडच्या ऑफिसात गिऱ्हाइकांचे हिशेब उघडून बसलो होतो. ते बंद करायचंही सुचलं नाही. महिना उलटला, पण अजून राग येतो त्याचा. सांगून तरी जायचं, लेका.

आमची ओळख केडगावला, स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात झाली. तेव्हा इंटरनेट नव्हतं. सगळं फ्लॉपीवरून इकडून तिकडं जायचं. दिलीपनं फ्लॉपीबरोबर आपोआप पसरणारा एक खोडकर प्रोग्रॅम, म्हणजे व्हायरसच, लिहिला. कॉम्प्युटर लावला की पडद्यावर रोमन अक्षरांत ‘आधी चहा’ यायचं आणि ‘होय’ टाइप केल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही. कुणाच्या तरी फ्लॉपीतून तो प्रोग्रॅम वरवंडच्या एका दूध डेअरीत पोचला. तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरना, आबांना वाटलं, व्हायरस म्हणजे साथच. त्यांनी खोलीबाहेर चपला काढायला लावल्या, फिनेलनं फरशी पुसून घेतली, फ्लॉप्या उन्हात वाळत घातल्या. दिलीप साळसूदपणे दुरुस्तीला गेला, तर आबा म्हणाले, “ऊन दावलं तरी हटंना. आता रोज त्याला व्हय म्हणतो आन् खरंच चहा पितो.”

हसून हसून पोट दुखलं आमचं. पण पुढं बाहेरून आलेल्या एका व्हायरसनं क्लासातल्या पोरांचं सगळं काम पुसून टाकलं, तेव्हा दिलीप म्हणाला, “आपल्याला चहा तरी पायजे व्हता. ह्याला काय पायजे व्हतं?” त्यानंतर जन्मभर त्यानं लोकांचे कॉम्प्युटर नीट करून दिले.

खोड्या उरल्या त्या फक्त माझ्या वाट्याला. माझी बायको गेल्यापासून तो शिरूरहून इंटरनेटवरून माझ्या कॉम्प्युटरात शिरायचा. सकाळी बघावं तर पडद्यावरचं चित्र उलटं, नाहीतर माऊसची बटणं अदलाबदल. मी फोन करून शिव्या घालायचो, आणि त्यातच आमचं बोलणं व्हायचं. ‘जेवलास का’ असं त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला रडू आलं असतं, हे त्याला ठाऊक होतं…

परवा स्वाती येऊन गेली. पुण्यात ती कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. माझ्या मशीनवर बसली आणि तिला बापाची आत शिरायची ती वाट सापडली. “काका, हे उघडं ठेवणं धोक्याचं आहे. कुणीही आत येईल. बंद करू?”

तिचं बरोबरच होतं. गिऱ्हाइकांची सगळी कामं नव्या मशीनवर हलवून घेतली. “ह्या जुन्या मशीनला, त्या वाटेला मात्र हात लावू नकोस,” म्हणालो. पोर समजली.

रोज सकाळी ऑफिस उघडून आधी तेच जुनं मशीन लावतो. चित्र सुलटं, बटणं जागच्या जागी… कुणी कशाला हात लावलेला नसतो.