वहिनींची चिनी बाहुली

चिनी बाहुलीची गोष्ट घरात कोणी काढली, की मी इतकी वर्षं पेपर उघडून बसत आलो. आता वहिनी नाहीत. सांगून टाकतो.

ती बाहुली मी इंदिरानगरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली. हाडात कोरलेली, वीतभर, उशीवर कलंडलेली बाई. अंगावर कपडे नाहीत, पायांत मात्र जोडे! दुकानदार म्हणाला, पूर्वी चीनमध्ये घरंदाज बायका वैद्याला अंग दाखवत नसत. पडद्याआडून अशा बाहुलीवर बोट ठेवून दुखरी जागा दाखवत. त्यात मी माझ्या पदरचा खोकणारा वैद्य घातला. बसवनगुडीतल्या आमच्या घरी कॉफीला कोणी आलं, की मी तोंडापुढे टॉवेल धरून त्या वैद्याची नक्कल करायचो.

अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, गेल्यापासून वहिनी आमच्याकडेच असत. दीर-भावजयीची थट्टा आमच्यात चालतेच, आणि वहिनी माझ्या वरताण. एकदा बायको लेकीच्या बाळंतपणाला के. आर. पुरमला गेली होती. शेजारी कॉफीला जमले होते, माझा प्रयोग रंगात आला होता. वहिनींनी बाहुली उचलली, तिच्या ओटीपोटावर बोट ठेवलं.

"वैद्यबुवा, हिला इथं दुखतंय. बरेच दिवस झाले."

मी टॉवेलाआडून खोकलो. "ती तळलेली कोडबळी खाणं बंद करा. आणि दिराशी भांडण स्वल्प कमी."

सगळे हसले. वहिनीही हसल्या. "सरी, बरं वैद्यबुवा," म्हणाल्या आणि बाहुली कपाटात ठेवून आल्या.

बायको परतली. वहिनी कमरेत वाकून चालताहेत हे तिला चपला काढतानाच दिसलं. गर्भपिशवी काढावी लागली. "आधी का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "अंगावर काढलं, दुसरं काय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे कुठेतरी वाचलं, की अशा बाहुल्या औषधपाण्याला वापरल्याचा काहीच भरवशाचा पुरावा नाही. बहुतेक शोभेची वस्तू म्हणून विकायलाच कोरल्या आणि वैद्याची गोष्ट मागाहून चिकटली. म्हणजे अशा बाहुलीवर खरोखरचं दुखणं दाखवणारी बाई मला तरी एकच माहीत आहे. आणि तिला वैद्य भेटला तो मी.

वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या, त्या सकाळी मी मनाशी घोकून त्यांच्या खोलीत गेलो. त्या पलंगावर बसून इडली खात होत्या.

"वहिनी, त्या दिवशी मी..."

"काय भावजी?" त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि खरंच वाट बघत राहिल्या.

"चटणी... आणू का थोडी?" मी म्हणालो.