नाव पुसलेलं जहाज आणि धम्मपाल तांबे

नायगावच्या बीडीडी चाळीतून समुद्र दिसत नसे, पण गोदी रोज घरी येई. धम्मपाल तांबेच्या घरी ती वडिलांच्या अंगावरून यायची. वडील ड्राय डॉकमध्ये जहाजांचा गंज खरवडायच्या कामावर होते. संध्याकाळी मजल्यावरच्या नळाखाली बसले की त्यांच्या केसांतून तांबूस पाणी निथळायचं आणि मोरीच्या कडेला त्याचा डाग राहायचा. पुढे धम्मपाल कस्टममध्ये लागला आणि त्याला पांढरा शुभ्र युनिफॉर्म मिळाला, तेव्हा वडिलांनी तो आईला कधी धुवू दिला नाही. स्वतः धुवायचे, नीळ घालायचे आणि गॅलरीत सगळ्यांना दिसेल असा वाळत घालायचे.

समोरच्या चाळीत आनंदा कुबल राहायचा. मूळचा वेंगुर्ल्याचा. वडील गिरणीत, आई लक्ष्मी घरीच खानावळ चालवायची. धम्मपाल आणि आनंदा एका वर्गात, एका बाकावर. दोन चाळींच्या मधल्या मैदानात दोघांनी कबड्डी खेळून गुडघे फोडून घेतले होते आणि लक्ष्मीमावशीच्या हातची हळद दोघांच्याही गुडघ्यांना लागली होती. गिरण्या बंद पडल्या, आनंदाचे वडील घरी बसले, तेव्हा आनंदा आईच्या खानावळीत शिकलेल्या हातावर बोटीवर भंडारी म्हणून गेला. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारीच म्हणतात.

त्याचा पहिला पासपोर्ट आला तो दिवस धम्मपालला अजून आठवे. गॅलरीत दहाबारा पोरं जमली होती. एकाने मोठ्याने वाचलं, की हा पासपोर्ट सगळ्या देशांना चालेल, फक्त दक्षिण आफ्रिका सोडून. का बरं, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी धम्मपालच्या वडिलांनी समजावलं, की तिथलं सरकार काळ्या माणसांना माणूस समजत नाही, म्हणून आपल्या सरकारने त्यांच्याशी व्यवहार तोडलाय. तिथली बोट इथे लागत नाही, इथली तिथे जात नाही. हे सांगताना वडिलांचा आवाज जरा चढला होता. निर्बंध ही गोष्ट धम्मपालला पहिल्यांदा कळली ती अशी, गॅलरीत, आणि ती त्याला फार चांगली वाटली होती. नुसता व्यवहार नाकारून एखाद्याला अद्दल घडवता येते, हे त्याच्या मनात तेव्हाच बसलं.

नोकरीची पहिली वर्षं सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर पकडण्यात गेली. मग काळ बदलला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्याच्या टेबलावर जहाजांच्या याद्या येऊ लागल्या. संयुक्त राष्ट्रांनी एखाद्या देशाच्या तेलावर बंदी घातली, की ते तेल चोरून वाहणारी जहाजं नाव बदलत, झेंडा बदलत, आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करून भलतीकडेच निघत. ती ओळखायची आणि अडवायची. त्याच्याबरोबर मनवा शिर्के नावाची तिशीतली ऑफिसर होती. ती स्क्रीनवर जहाजांचे माग काढायची आणि धम्मपाल तिला हलत्या लाँचवरून दोरीच्या शिडीवर पाय कसा टाकायचा ते शिकवायचा. ती त्याला तांबेसर म्हणायची आणि त्याच्या जुन्या गोष्टी ऐकून घ्यायची, हे त्याला आवडायचं.

पुढच्या मे महिन्यात ‘सिल्वाना’ नावाचा टँकर मुंबईबाहेर नांगर टाकून उभा राहिला. इंजिनाची दुरुस्ती करायची आहे, पाणी भरायचं आहे, असं एजंटने कळवलं. मनवाला संशय आला, कारण हे जहाज अकरा दिवस कुठेच दिसलं नव्हतं, आणि दिसलं तेव्हा पाण्यात आधीपेक्षा खोल बसलेलं होतं. म्हणजे मधल्या काळात कुठेतरी माल भरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लाँचने निघाले.

कागद चोख होते. इतके चोख की धम्मपालला ते आवडले नाहीत. प्रत्येक जहाजाला जन्मभर न बदलणारा सात आकडी नंबर असतो. तोही कागदावरच्या नंबराशी जुळत होता, फक्त ज्या पत्र्यावर तो होता तो पत्रा आजूबाजूच्यापेक्षा नवा दिसत होता. कप्तान परदेशी होता, अदबीने बोलत होता, सारखं कॉफी विचारत होता. धम्मपालने कॉफी घेतली नाही. त्याने लाँच जहाजाच्या मागच्या बाजूला घ्यायला सांगितली आणि नाव लिहिलं होतं त्याच्या अगदी जवळ जाऊन, मनवाने मागून पट्टा धरलेला असताना, दोन्ही तळवे पत्र्यावर टेकवले.

नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला एकदा ड्राय डॉक दाखवला होता. कोरड्यात उभ्या जहाजाच्या बुडाशी उभं करून त्याचा हात धरून पत्र्यावर फिरवला होता. रंगाने नाव लिहितात ते वरवरचं, खरं नाव वेल्डिंगने उठवलेलं असतं, असं सांगितलं होतं. आता तळहाताखाली तेच लागलं. कोणीतरी मशिन मारून अक्षरं घासली होती, पण घाईघाईने. ‘सिल्वाना’च्या पांढऱ्या रंगाखाली एक मोठा गोलसर जी होता, मग ओ, आणि बऱ्याच अंतरावर एम. धम्मपाल एकेक अक्षर सांगत गेला आणि मनवा लिहीत गेली. परत वर चढेपर्यंत तिने यादीत शोधलंही होतं. ‘गोल्डन मार्था’. दोन वर्षांपूर्वी बंदीच्या यादीत गेलेलं जहाज.

आता जहाजावरच्या माणसांचे जबाब घ्यायचे होते. भंडाऱ्याला बोलवा, असं धम्मपाल म्हणाला, कारण ताटवाट्या, चादरी यांवर जहाजाचं नाव असतं आणि ते घासून काढायचं कोणाला सुचत नाही. दार उघडून आत आला तो आनंदा कुबल. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, अंगात ॲप्रन. दोघांची भेट होऊन सहाएक वर्षं झाली होती. लग्न झाल्यावर धम्मपाल परळला क्वार्टर्समध्ये गेला आणि आनंदा बारा महिने पाण्यावर.

मनवा दोघांकडे बघत राहिली. मग धम्मपालने तिला सांगितलं, की हा माझ्या चाळीतला, लहानपणापासूनचा मित्र, आणि ही गोष्ट रिपोर्टात पहिल्या ओळीत लिही, आणि जबाबही तूच घे.

आनंदाने विचारलं, “मित्र म्हणून विचारायला आलायस की ऑफिसर म्हणून?”

“ऑफिसर म्हणून. मित्र म्हणून आलो असतो तर वही उघडली नसती.”

आनंदा खुर्चीच्या कडेवर बसला. त्याने सगळं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी एका एजंटने लावून दिलं होतं. या वयात चांगल्या कंपन्या घेत नाहीत, म्हणून त्याने जास्त चौकशी केली नाही. चढल्याच्या दुसऱ्या आठवड्यात कप्तानाने जुन्या बश्या समुद्रात टाकायला लावल्या. बश्यांच्या मागे ‘गोल्डन मार्था’ छापलेलं होतं. त्याने टाकल्या, पण एक मोठं परातीएवढं भांडं पीठ मळायला बरं पडतं म्हणून ठेवून घेतलं होतं. तेच नाव असलेलं ते भांडं त्याने स्वतः उठून आणून दिलं. सही करून झाल्यावर तो धम्मपालला एवढंच म्हणाला, “आईला सांगू नकोस मी इथे आहे म्हणून.”

जहाज अटकावून ठेवण्यात आलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मनवाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण धम्मपालला जे आधी दिसलं नव्हतं ते पुढच्या महिन्यांत दिसायला लागलं. मालक म्हणून कागदावर असलेली कंपनी परदेशातल्या एका खोलीपुरती निघाली आणि महिन्याभरात तिचा फोनही लागेना. खटला कोर्टात उभा राहिला. तेलाने भरलेलं जहाज माणसांशिवाय सोडता येत नाही, ते पेटलं किंवा सरकलं तर सगळ्या बंदराला धोका. म्हणून बदली माणसं येईपर्यंत एकोणीस जणांनी जहाजावरच राहायचं, असं ठरलं. बदली माणसं आणायची कोणी, तर मालकाने. आणि मालकाचा तर पत्ताच नाही.

धम्मपाल दर पंधरा दिवसांनी तपासणीला जायचा. पाणी, भाजी, औषधं पोचतात की नाही ते बघायचा. आनंदा समोर आला तर मान हलवायचा, बोलायचा नाही. डेकवरून दक्षिण मुंबई अख्खी दिसायची. एकदा धम्मपालने त्याला रेलिंगला हात टेकून शहराकडे बघत उभा असलेला पाहिलं आणि त्याच्याजवळ जायचा धीर त्याला झाला नाही. गॅलरीतला तो पासपोर्ट त्याला आठवला. वडिलांनी सांगितलेला व्यवहार किती सरळ होता. इथे अद्दल घडायची ती कंपनी हवेत विरून गेली होती आणि तिच्या वाटची शिक्षा पीठ मळणारा माणूस भोगत होता. तरीही जहाज सोडायला नको होतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यामुळे त्याला अन्न गोड लागेना.

डिसेंबरात लक्ष्मीमावशीची चाळ रिकामी करायची नोटीस आली. पुनर्विकासात तिचा नंबर लागला होता. मावशी त्र्याऐंशी वर्षांची. आनंदाची बहीण डोंबिवलीहून येऊन सामान बांधत होती. धम्मपाल मदतीला गेला. दहा बाय सोळाच्या त्या खोलीत पन्नास माणसांचा स्वयंपाक व्हायचा, यावर आता त्याचाच विश्वास बसेना. मावशीने त्याला माळ्यावरचा पाटा काढायला सांगितला आणि तो उतरत असताना सहज म्हणावं तसं म्हणाली, “आनंदा हयच आसा मां? समुद्रात?”

बहिणीने मान खाली घातली. धम्मपाल खोटं बोलू शकला नाही. त्याने सगळं सांगितलं, जहाज आपणच धरलं हेही. मावशीने ऐकून घेतलं. चुकलास असंही म्हणाली नाही आणि बरं केलंस असंही नाही. तिने एकच विचारलं, की त्याला बघता येईल का.

या कामासाठी कुठला फॉर्म नव्हता. धम्मपालने साध्या कागदावर अर्ज लिहिला. आठ दिवसांनी परवानगी आली. लाँच जहाजाला लागेल, कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही, वीस मिनिटं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्याने मावशीला भाऊच्या धक्क्यावर आणलं. तिला दोघांनी उचलून लाँचमध्ये बसवलं. मुलाचं सगळं आयुष्य बोटींवर गेलं होतं, ती स्वतः पाण्यावर पहिल्यांदाच जात होती. सगळा वेळ तिने मनवाचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आनंदा रेलिंगला आला. दोघांच्या मधे तीन मजल्यांइतकं अंतर होतं. लाँचवाल्याने इंजिन बंद केलं.

“जेवलंस?” मावशीने विचारलं.

आनंदा रेलिंगवरून खाली वाकला. मग आनंदा म्हणाला, “जेवलंय गे आये.”

“खोली सोडली रे आम्ही. चावी दिली. तुझ्या बापाशीचो फोटो माझ्याकडे आसा.”

त्यानंतर दोघं भराभर बोलत राहिली. कोण शेजारी कुठे गेलं, पाटा कोणी नेला, गुडघ्याला काय लावते. धम्मपाल पाठ करून उभा होता. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, मनवाने घड्याळाकडे बघितलं नाही. निघताना आनंदाने वरून हाक मारली, “धम्मा.” तो वळला. आनंदाने हात वर केला, बस एवढंच.

त्या सोमवारी धम्मपालने सात पानी टिपण लिहिलं. आधीच्या पस्तीस वर्षांत त्याने इतकं लांब काही लिहिलं नव्हतं. जहाज राखायला एकोणीस माणसं लागत नाहीत, सहा पुरतात. ती इथल्याच एजन्सीची असू शकतात, आणि त्यांचा खर्च पुढे तेल विकल्यावर त्यातून वसूल करता येईल. मनवाने दुसऱ्या बंदरांतले दाखले शोधून जोडले. ते टिपण कोर्टापुढे गेलं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हुकूम झाला. एकोणीस जण उतरले. त्यांतल्या दोघांना चालताना जमीन हलल्यासारखी वाटत होती. धम्मपाल धक्क्यावर प्रत्येकाचा कागद तपासत उभा होता. आनंदाचाही त्याने नीट वाचून तपासला, शिक्का मारला, आणि मग तो कागद त्याच्या हातात दिला.

“तू सोडलं असतंस तर मला आवडलं असतं,” आनंदा म्हणाला. “पण मग मी तुला ओळखलं नसतं.”

ऑगस्टअखेर धम्मपाल निवृत्त झाला. आनंदाने बोट सोडली होती. प्रभादेवीच्या एका कँटीनमध्ये तो आता सकाळची पाळी करतो, दुपारी, नवी इमारत होईपर्यंत मिळालेल्या संक्रमण शिबिरातल्या खोलीत आईजवळ असतो. एका संध्याकाळी दोघं ठरवून नायगावला गेले. चाळींच्या जागी पत्रे ठोकलेले होते आणि आत खोदकाम चालू होतं. पत्र्यातल्या फटीतून बघत आपलं मैदान नेमकं कुठे होतं यावर त्यांचा वाद झाला. आनंदाच्या मते क्रेन उभी होती तिथे. धम्मपाल म्हणाला, शक्यच नाही, तिथे तर आमचा जिना. वॉचमनने येऊन दोघांना हटकलं. म्हातारी माणसं आहेत बघून त्याने काय हवंय ते विचारलं आणि दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवलं. मग भोईवाड्याच्या बाजूने चालत ते दादरकडे निघाले, चहा कुठे चांगला मिळेल यावर बोलत.